लाल ठिपक्यांचा शिधा

बायको गेली त्याच्या नवव्या दिवशी संपादक पुन्हा घरी आला, तेव्हा रेकॉर्डसाहेबांना वाटलं, हा सांत्वनाला आलाय. सांत्वन त्याने आधी एकदा केलं होतं. पण संपादक माणूस आहे, दुसरी आवृत्ती काढली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी त्याला खुर्ची दिली. संपादक खुर्चीच्या कडेवर टेकला, पाणी प्यायला, भिंतीकडे बघून एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "साहेब, पाचव्या पानाचं काय करायचं?"

पाचवं पान म्हणजे 'महिन्याचा शिधा'. कॉलनीचं आठ पानी मासिक निघायचं आणि त्यातलं पाचवं पान एकोणीस वर्षं बाईंचं होतं. महिन्याचे तीस दिवस, आणि प्रत्येक दिवसापुढे दोन ओळी. आज काय खावं, कुठे खावं. आणि आज काय वाचावं, नाहीतर कुठे जाऊन काय ऐकावं. एकतीस दिवसांचा महिना असला तर शेवटच्या दिवशी 'आज उपाशी आणि गप्प राहावं' एवढंच. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'निवड : बाई'. रेकॉर्डसाहेबांच्या बायकोला सगळी कॉलनी बाईच म्हणायची. बाराशे घरांतले लोक ते पान कापून स्वयंपाकघरात चिकटवत. बाईंनी एखाद्या खानावळीतली डाळ लिहिली की त्या दिवशी तिथे बसायला जागा मिळत नसे, आणि बाईंनी एखादी कादंबरी लिहिली की ती आधी कोणी नेली यावरून लायब्ररीत दोन शेजारी आठवडाभर अबोला धरत. शेवटचे दोन महिने बाई हॉस्पिटलात होत्या, तिथूनही त्यांनी पान चुकवलं नव्हतं.

"पुढच्या अंकात बाईंचा फोटो टाकू," संपादक म्हणाला. "जाड काळी चौकट देऊ. आणि मग पान बंद करू. गादीवाला कधीपासून पूर्ण पान मागतोय. बाईंच्या जागी उगाच दुसरं कोणी बसवण्यापेक्षा गादी बरी, नाही का?"

आता रेकॉर्डसाहेब हा माणूस कसा, ते सांगायला हवं. नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. मूळ कागद पाहिल्याशिवाय त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही नक्कल दिली नव्हती, आणि त्यावरून तो मेव्हणा आजतागायत त्यांच्याशी बोलत नव्हता. खोटं बोलायला लागतो तो सराव त्यांना नव्हता. पण हॉस्पिटलने बाईंचा चष्मा नंबर लिहिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला होता, मुलगी चार दिवस राहून आईचं कपाट आवरून गेली होती, आणि आता बाईंचं नाव जगात दोनच ठिकाणी नव्याने छापलं जाणार होतं. एक मृत्यूच्या दाखल्यावर आणि एक पाचव्या पानावर. त्यातलं एक हा माणूस गादीवाल्याला देऊन टाकत होता.

"पुढच्या महिन्याचं पान तिने लिहून ठेवलंय," रेकॉर्डसाहेब म्हणाले. त्यांचा स्वत:च्या आवाजावर विश्वास बसेना.

संपादकाने कपाळावरचा घाम पुसला. "मग प्रश्नच मिटला. पंचवीस तारखेपर्यंत द्या."

प्रश्न मिटला नव्हता हे संपादक जिना उतरेपर्यंतच रेकॉर्डसाहेबांच्या लक्षात आलं. त्यांना अंडं उकडता येत नव्हतं, आणि वर्तमानपत्र सोडून त्यांनी शेवटचं पुस्तक वाचलं होतं ते खात्याच्या परीक्षेचं. स्वयंपाकघरात त्यांचं राज्य एका गोष्टीपुरतं होतं. सकाळचा चहा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून एकतीस वर्षं सकाळचा चहा ते करत आले होते, आणि बाई तो पलंगावर बसून पीत आल्या होत्या.

पण बाईंची रजिस्टरं होती. तीन जाडजूड, कापडी पाठीची, कारखान्यातून आणलेली. बाई कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी खात्यात होत्या. पान लिहायला घेतलं तेव्हापासून त्या जे खात, जे वाचत, जे ऐकत, ते तारखेसकट या रजिस्टरांत उतरवत. एका ओळीत एक नोंद. 'सूप, पुलाखालचा.' 'कादंबरी, निळं कव्हर, लायब्ररी.' पुढे मत नाही, शेरा नाही. फक्त काही नोंदींपुढे लाल पेन्सिलीचा एक ठिपका. गोल, नेटका, डाळीएवढा.

तो ठिपका बघून रेकॉर्डसाहेबांचा जीव भांड्यात पडला. रेकॉर्ड रूममध्ये लाल ठिपक्याचा अर्थ शिपायालाही ठाऊक होता. साहेबांनी पाहिलं, साहेबांना पटलं, मंजूर. ठिपका नसलेला कागद टेबलावर वर्षानुवर्षं पडून असे, आणि ठिपकेवाला त्याच दिवशी पुढे जाई. म्हणजे बायकोचा सगळा निकाल समोर तयार होता, नुसता उतरवायचा.

आता कोणी म्हणेल, जुने अंक काढून पडताळा पाहायचा होता. रेकॉर्डसाहेबांनी पाहिला. एकच नोंद दोनदा होणं म्हणजे रेकॉर्डच्या जगात महापाप, म्हणून त्यांनी एकोणीस वर्षांचे अंक जमिनीवर मांडले आणि आधी छापून आलेली प्रत्येक नोंद रजिस्टरात काट मारून बाद केली. तीन दिवस लागले, गुडघे धरले. आणि शेवटी जे दिसलं त्याने ते थक्क झाले. छापून आलेल्यांत लाल ठिपक्याची एकही नोंद नव्हती. एकसुद्धा नाही. बाईंनी इतकी वर्षं लोकांना बिनठिपक्याचा माल दिला होता आणि पसंतीचा सगळा राखून ठेवला होता. यातही त्यांना नवल वाटलं नाही. चांगले कप कपाटात ठेवून कानतुटक्यात चहा प्यायची तिची सवयच होती. बरे कप काय आणि बरं सूप काय, वेळ येईल तेव्हा काढू म्हणत राहिली आणि वेळ आली ती भलतीच आली, असं म्हणून ते तिथेच जमिनीवर बसून थोडे रडले. मग उठून साठ ठिपके निवडले.

एक नोंद मात्र त्यांना नको तिथे लागली. दर वर्षाच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, बाईंनी एकच गोष्ट लिहिली होती. 'सकाळचा चहा, घरी, ह्यांच्या हातचा.' एकोणीस वर्षं, एकोणीस वेळा. आणि एकाही नोंदीपुढे ठिपका नव्हता. शेवटच्या रजिस्टरातली अगदी शेवटची नोंदही चहाचीच होती, बाई जाण्याच्या दोन दिवस आधीची. 'चहा, वॉर्ड चार, थर्मासातला, ह्यांच्या हातचा.' तिथेही ठिपका नाही.

शेवटच्या नोंदीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्या दिवशी बस बंद पडली होती, थर्मासचं बूच सैल झालं होतं, आणि घाईत साखर घालायचीच राहिली होती. तो चहा नळाच्या पाण्याइतका गार होता. बाईंनी तो तरीही पूर्ण प्यायला होता आणि "बरा झालाय" म्हणाल्या होत्या. पण बाकीचे एकोणीस? पुलाखालच्या कुठल्याशा सूपवाल्याला ठिपका, आणि एकतीस वर्षं भल्या पहाटे उठणाऱ्या नवऱ्याला काही नाही? गेलेल्या माणसावर रागावता येत नाही आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही. रेकॉर्डसाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून घरी चहा करणं बंद केलं. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहून पिऊ लागले आणि टपरीवाल्याला न विचारता सांगू लागले की घरचा चहा काही खास नसतो.

एक तारखेला अंक निघाला. पहिल्या पानावर काळी चौकट, पाचव्या पानावर 'महिन्याचा शिधा', खाली 'निवड : बाई'. लोकांनी डोळे पुसत पान कापलं. बाईंची शेवटची निवड म्हणून कोणी एक दिवसही चुकवायचा नाही असं जिन्याजिन्यांत ठरलं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, त्यांनी तर पान फ्रेम करून आणलं.

पहिल्या दिवशीचं पुस्तक होतं 'शहरातील गटारे : उगम आणि विस्तार, खंड पहिला'. लायब्ररीत त्याची एकच प्रत होती आणि तिच्यासाठी एक्केचाळीस माणसं रांगेत उभी राहिली. लायब्रेरियन बाई आनंदाने रडल्या. चौथ्या दिवसापासून पुस्तक परत यायला लागलं ते रोज एकेका माणसाकडून, आणि देणारा काही न बोलता पाठ फिरवून जायचा.

तिसऱ्या दिवशी बेकरीतली बिस्किटं होती. संपादकाने पहिलंच बिस्कीट चावलं आणि त्याचा पुढचा बसवलेला दात त्यात राहिला. तो अंकाचा मालक असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची ते त्याला कळेना.

चौथ्या दिवशी पुलाखालचं सूप होतं. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जेवणाआधी वाचणारेही असतील. सूपवाल्याकडे संध्याकाळी रांग लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीतल्या चौदा घरांत रांग लागली. सिस्टर हातात मीठ-साखरेच्या पाण्याचं भांडं घेऊन जिने चढत-उतरत होत्या आणि मध्येच स्वत:च्या घरी पळत होत्या.

सहाव्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये एका कवीचं शोककाव्याचं दरमहाचं वाचन होतं. रसभंग होऊ नये म्हणून कवी दाराला आतून कडी घालायचा. ही गोष्ट बाईंच्या रजिस्टरात नव्हती, तिथे फक्त ठिपका होता. मात्र तो नेहमीपेक्षा दाबून काढलेला होता, असं रेकॉर्डसाहेबांना मागाहून आठवलं. समोरच्या दारातले निवृत्त कॅशियर आपल्या सासूबाईंना घेऊन गेले होते. दोन तासांनी सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, "पण गेलं कोण?" कवीने ते कौतुक समजून कविता पहिल्यापासून सुरू केली.

रेकॉर्डसाहेब स्वत: कुठे होते म्हणाल तर सगळीकडे होते. ते एकेक दिवस निष्ठेने पाळत होते. गटारांचा पहिला खंड रांगेत नववा नंबर लावून त्यांनी वाचला. सूप प्यायले, आजारी पडले, बरे झाले आणि पुन्हा प्यायला गेले, कारण एकदा पिऊन आपल्याला कळलं नसेल असं त्यांना वाटलं. तिला आवडायचं तर आपल्याला का आवडू नये? ते डोळे मिटून एकेक घोट घ्यायचे आणि त्यात बायको शोधायचे. सापडायची ती कोणीतरी वेगळीच. आंबलेलं सूप मिटक्या मारत पिणारी, कडी घातलेल्या हॉलमध्ये रमणारी, गटारांच्या उगमात गुंगणारी. आणि त्यांचा चहा न आवडणारी. या बाईबरोबर आपण एकतीस वर्षं राहिलो आणि आपली साधी ओळखही झाली नाही, या विचाराने त्यांचं जेवण तुटलं. बायको गेल्याचं दु:ख लोकांना कळतं, त्यासाठी लोक डबे आणून देतात. हे दु:ख सांगायला तोंड नव्हतं.

रविवारी मुलीचा फोन आला. तिने अंक पाहिला होता.

"बाबा, आईला ते पुलाखालचं सूप आवडायचं? मला आठवतंय, एकदा आम्ही दोघी गेलो होतो, तर तिने वाटी अर्धी ठेवली होती."

"पुरवून प्यायची तिला सवय होती," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

"बाबा, सूप पुरवून?"

"तुझ्या आईला मी जास्त ओळखतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सूपवाला घरी येऊन पाया पडून गेला. अकरा वर्षांत माझ्याकडे रांग कधी लागली नव्हती, म्हणाला, आणि डबाभर सूप ठेवून गेला. कॉलनीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. जिन्यात कॅशियरने रेकॉर्डसाहेबांचा खांदा दाबला.

"मनाला लावून घेऊ नका साहेब. शेवटी शेवटी माणसाची चव जाते. औषधांनी डोकंही जातं. बाईंचा काही दोष नाही."

"तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

"तेच म्हणतो मी. दिसायला शाबूत होतं." आणि कॅशियर हळहळत वर गेले. एकोणीस वर्षं ज्या नावावर बाराशे घरं डोळे मिटून जेवली, ते नाव आठ दिवसांत कीव करण्याजोगं झालं होतं. गादीवाल्याने यापेक्षा कमी वाईट केलं असतं.

मग वळणावरच्या खानावळीतल्या मावशी आल्या. ओल्या हातांनीच आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात.

"साहेब, एक विचारू? बाई दर महिन्याला एकदा तरी माझ्या खानावळीचं लिहायच्या. माझी डाळ, नाहीतर माझी वांगी. एकोणीस वर्षांत एक महिना चुकला नाही. जाताना तेवढं माझं नाव गाळलं. माझ्याकडून काही चुकलं होतं का हो? मला बोलल्या असत्या तर मी सुधारलं असतं."

तुमचं नाव आधी छापून आलेलं होतं म्हणून मी काट मारली, हे रेकॉर्डसाहेब सांगू शकत नव्हते. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि त्या आल्या तशा गेल्या. त्या दिवशी रेकॉर्डसाहेबांना स्वत:ची पहिल्यांदा शिसारी आली.

सूपाचं प्रकरण तिथेच थांबलं नाही. अकरा तारखेला पालिकेच्या अन्न विभागाकडून बोलावणं आलं. चौदा घरांतल्या लोकांनी एकाच शिफारशीवरून एकाच ठिकाणी सूप घेतल्याचं उघड झालं होतं. टेबलामागे निरीक्षक होता, त्याच्यासमोर छापील नमुना होता, आणि नमुन्याच्या वर दोरीला बांधलेलं पेन होतं.

"शिफारस कोणी केली?"

"माझ्या पत्नीने."

"त्यांना घेऊन या."

"त्या नाहीत."

"कधी येतील?"

"येणार नाहीत. वारल्या."

निरीक्षकाने पेन खाली ठेवलं, दोन क्षण मान खाली घातली, पुन्हा पेन उचललं. "वारल्याची तारीख?"

"गेल्या महिन्याची अकरा."

"आणि सूप पिण्याची शिफारस या महिन्याच्या चार तारखेची." त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे वारल्यानंतर तेवीस दिवसांनी."

"आधी लिहून ठेवलं होतं."

"मग मूळ हस्ताक्षरातला कागद आणा. नक्कल चालणार नाही. आणि हे त्यांनी शुद्धीत असताना लिहिल्याचं डॉक्टरांचं पत्र. नाहीतर मला इथे लिहावं लागेल," त्याने नमुन्यातला एक रकाना दाखवला, "की शिफारस करणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम होती. ते सगळ्यात सोपं. प्रकरण आजच बंद होईल. बऱ्याचजणांना तेच बरं पडतं."

नक्कल चालणार नाही. हे वाक्य रेकॉर्डसाहेबांनी आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल याची गणती नव्हती. ते काउंटरच्या पलीकडे उभं राहून ऐकताना कसं वाटतं, हे त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. त्यांनी आठवड्याची मुदत मागितली आणि ते घरी आले.

मुदतीचे सहा दिवस त्यांनी काय केलं? काही नाही. रजिस्टरं टेबलावर उघडी पडली होती आणि ते समोर बसून होते. सातव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात सत्तरीच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. कारखान्यात बाईंच्या वरच्या सुपरवायझर. मुलाकडे परगावी होत्या, बातमी उशिरा कळली, म्हणून आज आल्या होत्या. रेकॉर्डसाहेब त्यांना त्याआधी एकदाच भेटले होते, बाईंच्या निरोप समारंभात, आणि तेव्हाही बस चुकेल म्हणून लवकर निघाले होते.

सुपरवायझरबाई बसल्या. त्यांची नजर टेबलावर गेली.

"ही तर आमची रजिस्टरं. अजून आहेत?" त्यांनी चष्मा लावून एक ओढून घेतलं, पानं उलटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बघा, घरीसुद्धा तेच. पुलाखालचं सूप, ठिपका. शोककवी, ठिपका, आणि काय दाबून काढलाय."

"तिला आवडलेल्या गोष्टी आहेत त्या," रेकॉर्डसाहेब म्हणाले.

सुपरवायझरबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आवडलेल्या कशा? ठिपका दोषाला लावतात. शिवण उसवली, बटण वाकडं, डाग दिसला, की तिथे लाल ठिपक्याची चिकटी लावायची आणि कपडा बाजूला टाकायचा. चांगल्या मालावर खूण करत नाहीत. चांगला माल नुसता पुढे सरकवायचा. सव्वीस वर्षं ती दिवसभर हेच करत होती. तुम्हाला कधी बोलली नाही?"

बोलली असेल. बोलायला लागली असेल. पण ते दोघं घरी आल्यावर रोज आपल्या रेकॉर्ड रूमच्या गोष्टी रेकॉर्डसाहेब सांगत आणि बाई ऐकत, असाच त्या घराचा शिरस्ता होता. तू दिवसभर तिथे नेमकं काय करतेस, हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तपासणी म्हणजे तपासणी, त्यात काय विचारायचं.

"तिच्यासारखी दुसरी झाली नाही," सुपरवायझरबाई रजिस्टर मिटत म्हणाल्या. "मालकाने पाठवलेला माल असला तरी ठिपका. माझ्या मुलीच्या लग्नासाठी शिवलेला कपडा मी कौतुकाने तिच्या टेबलावर ठेवला, तर त्यालाही ठिपका. सव्वीस वर्षांत एक खराब नग तिच्या हातून सुटून पुढे गेला नाही. एकसुद्धा नाही. आम्ही पैज लावायचो."

त्या गेल्यावर रेकॉर्डसाहेब उठले, शर्ट बदलला आणि सरळ पालिकेत गेले. निरीक्षक डबा खात होता. त्याचा डबा संपेपर्यंत ते उभे राहिले.

"शिफारस करणारी व्यक्ती मी," ते म्हणाले. "माझ्या पत्नीने यातलं एकही ठिकाण कोणाला सुचवलेलं नाही. उलट तिने त्यांना नापास केलं होतं. मला तिचं काम माहीत नव्हतं, म्हणून मी उलटं वाचलं. तिचं नाव मी वापरलं. ती अक्षम नव्हती. रकान्यात अक्षम लिहायचं असेल तर माझ्या नावापुढे लिहा."

निरीक्षकाने त्यांना वर-खाली पाहिलं, सही घेतली आणि लेखी ताकीद दिली. छत्तीस वर्षांच्या कोऱ्या नोकरीनंतर ती त्यांची पहिली ताकीद. त्यांनी ती घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

तिथून ते वळणावरच्या खानावळीत गेले आणि चुलीपाशी उभं राहून मावशींना सगळं सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकलं, मग एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्या नावापुढे ठिपका नाही?"

"एकदाही नाही."

मावशींनी मान वळवली आणि बराच वेळ त्या डाळ ढवळत राहिल्या.

संपादकाने दाताच्या रिकाम्या जागेवरून जीभ फिरवत शुद्धिपत्रक वाचलं. रेकॉर्डसाहेबांनी ते स्वच्छ अक्षरात लिहून नेलं होतं. 'गेल्या अंकातील पान पाच हे बाईंचे नसून त्यांच्या पतीने त्यांच्या परवानगीवाचून केलेले आहे. त्यातील साठही गोष्टी बाईंनी नाकारलेल्या होत्या. वाचकांनी त्या टाळाव्यात. बाईंची निवड एकोणीस वर्षांत चुकलेली नाही.' खाली त्यांची सही.

"छापतो," संपादक म्हणाला. "पण यानंतर पान बंद, साहेब."

"हो," रेकॉर्डसाहेब म्हणाले. "गादीवाल्याला द्या."

घरी आले तेव्हा ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. त्यांनी पहिलं रजिस्टर उघडलं. 'सकाळचा चहा, घरी, ह्यांच्या हातचा.' पुढे जागा कोरी. पुढच्या वर्षी तेच, जागा कोरी. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस नोंदी बोट ठेवून वाचल्या, कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. ठिपका नाही. एकोणीस वेळा तपासला आणि एकोणीस वेळा पुढे सरकवला. ही बाई त्यांच्या ओळखीची होती.

मग शेवटचं पान. 'चहा, वॉर्ड चार, थर्मासातला, ह्यांच्या हातचा.' गार, बिनसाखरेचा, सैल बुचाचा चहा. त्याच्यापुढेही ठिपका नव्हता. लाल पेन्सिल रजिस्टराच्या पाठीत खोवलेली होती, टोक केलेली. तेव्हा बाईंच्या हातात बळ नव्हतं म्हणावं, तर त्याच पानावर, त्याच तारखेला, वरच्या ओळीत 'पेज, वॉर्ड चार' लिहिलेलं होतं आणि तिच्यापुढे ठिपका होता. गोल, नेटका.

रेकॉर्डसाहेबांनी पेन्सिल काढली. नोंद चुकीची होती यात शंका नव्हती. तो चहा खराब होता, करणाऱ्याला ठाऊक होतं, पिणारीला ठाऊक होतं. चुकीची नोंद त्यांनी छत्तीस वर्षांत कधी तशी ठेवली नव्हती, मोठ्या साहेबांची असली तरी. सव्वीस वर्षांत तिच्या हातून सुटून पुढे गेलेला हा एकच खराब नग.

त्यांनी पेन्सिल परत पाठीत खोवली आणि रेकॉर्ड दुरुस्त न करता बंद केलं.